बासरीजवळचा माइक

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आयोजकांचा निरोप आला. साठ वादकांचा वाद्यवृंद, पुढे तो सगळ्यांचा लाडका गायक, आणि प्रेक्षकांमधल्या मुख्य मिक्सरवर तू! मी मंचाच्या कडेला बसून वादकांना त्यांचाच आवाज ऐकवायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हा असा.

माइकची वायर गुंडाळायला तुला मी शिकवलं. व्हायोलिनपासून माइक किती लांब ठेवायचा, तेही मीच. अभिनंदन करते, पण खोटं कशाला बोलू, पोटात दुखतंय. बाबांनी सायकल तुला घेतली तेव्हाही दुखलं होतं, पण ते दोन दिवसांत थांबलं.

गायकाच्या माणसांचं ऐकून ड्रम चढवू नकोस, व्हायोलिनं मरतात. लोभ आहेच, सध्या जरा आंबट आहे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या जागी मी असतो तर अभिनंदनसुद्धा केलं नसतं. लहानपणी शेजारच्या घरात चमचा पडला तरी तू ओळखायचीस, आणि बाबा म्हणायचे, कान हिचे, या पोराला नुसत्या कानपाळ्या. तुला जळायला लागून तीन दिवस झाले, मला तीस वर्षं.

एक काम कर. संथ गाण्यात गायक कुजबुजल्यासारखं गातो, त्यामुळे माइक फार वाढवावे लागतात. रंगीत तालमीत तेव्हा वादकांमधून फिर. एखादा माइक शिट्टी मारायला लागला तर हात वर कर. सुरुवातीला ती फार बारीक असते, लांबून मला कळणार नाही. तुझा हात खाली असला की मी निर्धास्त.

आंबट का होईना, लोभ असू दे.

तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, घ्यायचे असले तर.

भर कार्यक्रमात बासरीजवळच्या माइकने शिट्टी मारली, गायक गाता गाता थांबला, आणि हजार माणसं मान वळवून तुझ्याकडे बघायला लागली. पुढचा दौरा तुझ्याकडून काढून घेणार, असंही कानावर आलं.

कबूल करते. तालमीत ती शिट्टी मला ऐकू आली होती. मी बासरीवाल्याच्या शेजारीच उभी होते. हात मुद्दाम वर केला नाही. तुझी फजिती व्हावी असं वाटलं. आयोजकांना तसं लिहून कळवते. मला मत्सरी म्हण, मी आहेच.

ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग तालमीचं चित्रीकरण पाहिलं. शिट्टी सुरू होते. बासरीवाला दचकून तुझ्याकडे बघतो. तू शेजारीच उभी असताना तो मला वेगळं कशाला कळवेल? आणि तू शांतपणे त्याच्या वहीचं पान उलटून देतेस.

जन्म आवाजात गेलेलं माणूस शिट्टीला तोंड तरी वाकडं करतं. ताई, तुला ती ऐकूच आली नाही. कान गेले म्हणण्यापेक्षा मत्सरी म्हणवून घेणं तुला सोपं वाटलं.

आता माझं ऐक. मुख्य मिक्सर आधी तुलाच देणार होते. ताईला हल्ली कमी ऐकू येतं, असं मी आयोजकांना सांगितलं. ती थाप होती. तुझ्या कानांवर माझा विश्वास नसता तर तालमीत तुझ्या हाताकडे बघत बसलो असतो का? चित्रीकरण पाहून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? चला, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. एवढा नीच आहे मी.

क्षमा मागायचं तोंड नाही.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

डॉक्टरांकडे जाऊन आले. वरचे बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, परत यायचे नाहीत. दोन वर्षं संशय होता. कुणाला कळू नये म्हणून तपासायचंच टाळलं.

आयोजकांना पत्र टाकलं. मत्सराचं काही लिहिलं नाही, कानांचं लिहिलं. चूक माझी आणि दौरा तुझा, असं त्यांचं उत्तर आलं. तुझ्या थापेबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण ती थाप होती हे आता आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तसंच राहू दे.

माफ केलेलं नाही. काही दिवस येऊ नकोस. अजून जळतेय, आणि आता तुझ्या मिक्सरवर नाही, तुझ्या कानांवर.

ताई