आमच्या दिवाणखान्यातला नाम सोक-हा

गार्चिंग,
जानेवारी २००७

ती. लताअक्कास, यशपालचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? देवानंद भाऊजींची साखर किती आहे तेही कळव (त्यांना विचारलं तर ते दहावीच्या मार्कांसारखी सोयीची सांगतात, म्हणून तुला विचारतो). आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं तर दोघं नाही, तिघं आहोत. तिसऱ्याचं नाव नाम सोक-हा. नाम हे आडनाव. राहणार कोरिया, पण मुक्काम गेलं वर्षभर आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या आत.

त्याचं असं झालं. मागच्या हिवाळ्यात उत्कर्षाला फ्लू झाला, तेव्हा तिच्या इन्स्टिट्यूटमधली सुन-यंग नावाची कोरियन मैत्रीण सूप आणि ह्या सोक-हाच्या डीव्हीडींचा गठ्ठा घेऊन आली. सूपने ताप उतरला, डीव्हीडींनी चढला. हा गृहस्थ शाळकरी वयात पाच पोरांच्या बँडमध्ये नाचत होता. बँड फुटला, बाकीचे चौघे कुठे गेले कोण जाणे, हा मात्र एकटा गायला लागला. मग एका मालिकेत आंधळ्या बासरीवाल्याचं काम करून त्याने देशोदेशीच्या बायका रडवल्या. मग सिनेमा, मग शॅम्पूची जाहिरात. (हे सगळं मला कसं ठाऊक, विचारू नकोस. जेवताना दुसरं काय ऐकतो मी?) मी इथे गाड्यांचे ब्रेक तपासतो. माझं प्रमोशन झालं त्या संध्याकाळी मी बुटांसकट आत येऊन बातमी सांगितली, तर उत्कर्षा म्हणाली, "अहो, जरा थांबा, त्याला दिसायला लागलंय."

अक्का, औरंगाबादला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गायलो की पोरं वन्समोअर द्यायची, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. उत्कर्षा मला तिथेच भेटली, पहिल्या रांगेत. त्या गळ्याने इथे आल्यापासून फक्त वाढदिवसाचं गाणं म्हटलंय, तेही ऑफिसात, तेही जर्मनमध्ये. आणि हा बघावं तेव्हा गातोय! जळतोस म्हणालीस तरी चालेल. (जळत नाही. ॲसिडिटी आहे.)

मग ऑक्टोबरात देव पावला. कोरियात प्रत्येक तरुणाला फौजेत जावंच लागतं, तसं ह्यालाही बोलावणं आलं. दोन वर्षं गाणं नाही, मालिका नाही, आणि मुख्य म्हणजे ते कपाळावरचे केस नाहीत! मी बेकरीतून चेरीचा मोठा केक घेऊन घरी आलो. उत्कर्षा सोफ्यावर डोळे पुसत बसली होती. म्हणाली, "एखाद्या आईचा लेक चाललाय आणि तुम्ही केक आणता?" तो केक मी एकट्याने आठवडाभर नाश्त्याला खाल्ला. चेरीही आंबट निघाल्या.

अशात उत्कर्षाच्या कॅम्पसवर कोरियन विद्यार्थ्यांची संध्याकाळ जाहीर झाली. मशीनवर नुसतं संगीत लावून कुणीही गावं अशी. मी ठरवलं, आता समोरासमोरच होऊ दे. त्याचं सगळ्यात गाजलेलं विरहगीत देवनागरीत उतरवून घेतलं आणि बाथरूममध्ये रियाज सुरू केला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने, फ्राऊ लिंडनरने, बेल वाजवून विचारलं, कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, हो, थोडंसं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी नवा स्वेटर घालून उभा राहिलो. सुरुवातच दोन पट्ट्या वर लागली. अंतऱ्यात आवाज चिरकणार हे मला दिसत होतं, ब्रेक फेल झालेल्या गाडीला भिंत दिसावी तसं. आणि तो चिरकला. तेवढ्यात मागच्या रांगेतली दहाबारा पोरं उठून उभी राहिली आणि माझ्याबरोबर गाऊ लागली. फौजेत जाणाऱ्या मित्राला निरोप देताना हेच गाणं म्हणतात, हे मला सुन-यंगने नंतर सांगितलं. ती पोरं तिथूनच परतलेली. शेवटची ओळ आम्ही सगळ्यांनी मिळून कशीबशी पार केली. समोर पाहतो, तर उत्कर्षाच्या गालावरून पाणी वाहतंय. पहिल्या रांगेत, अक्का! मला औरंगाबाद आठवलं.

परतताना यू-बानमध्ये (इथली भुयारी रेल्वे) न राहवून विचारलं, "कसं झालं?"

ती म्हणाली, "डोळे मिटले की अगदी तोच."

"आणि उघडल्यावर?"

"उघडल्यावर तुम्ही," ती म्हणाली, आणि माझा मफलर घट्ट गुंडाळला. "घाम आलाय, घसा धराल. आणि उद्या ते गॅदरिंगचं म्हणून दाखवा. ते त्याला नाही येत."

दुसऱ्या दिवशी घसा बसलेलाच होता. तरी म्हटलं. फ्राऊ लिंडनर वर आली नाही, हे मी कौतुकच समजतो.

आईला नमस्कार, भाच्यांना गालगुच्चे. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
यशपाल

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सुन-यंग सोलला परत गेली आणि मालिकेची शेवटची डीव्हीडी ऐन दार उघडताना अडकते. दाराबाहेर कोण आहे, तेच कळत नाही. तू वॉर्डन आहेस त्या होस्टेलवर इंफाळच्या मुली राहतात. तिकडे ह्या मालिका घरोघरी असतात म्हणे. मिळाली तर लगेच पाठव. पाकिटावर माझ्या ऑफिसचा पत्ता घाल. उत्कर्षाचा समज आहे की मी केवळ तिच्या सोबतीसाठी बसतो.

ता. क. २. त्याचा बराकीतला फोटो पाहिला. फार वाळलाय गं. तिथे पोराला धड जेवायला तरी घालतात की नाही, त्या मुलींना विचार.