मोळ्या मी उचलते

४ डिसेंबर, राहुरीकडं
उसाचा फड आज लई लांब. वैनीचं पोट खाली उजवीकडं दुखतंय. पाळी उशिरा आली, ती पन थेंब थेंब, काळपट. शेजारच्या कोपीतली ठकूमावशी म्हनली, "थंडीनं व्हतं, ओवा-गूळ दे." दिला. दादा न् वैनी दोघं मिळून एक कोयता, ते तोडतेत, पन वैनीला मी मोळी उचलू देत न्हाई. ट्रॅक्टरवर मीच चढवते. मान मोडली, पन जमतंय.

६ डिसें.
वैनी फडात आलीच न्हाई. मुकादम कोपीच्या दारात, "अर्धा कोयता झोपवायला आनलाय का रं?" दादा कोयत्याला धार लावत बसला. मला म्हनायचं व्हतं, तिच्या जागी मी हाय की. तोंडात आलं आन् तिथंच राह्यलं. नेहमीचंच.

७ डिसें.
सकाळी वैनी तांब्या घेऊन उठली, अंधारी आली, खाली बसली. पांढरीफट. "मने, खांदा लई ठनकतोय. आडवं पडलं की जास्तच."
ठकूमावशी तेल चोळाया लागली. "मोळ्यांनी भरलाय गं. सगळ्याच बायांचा भरतो." दादा पन व्हय व्हय.
मला पटंना. मोळी माझ्या डोक्यावर, तिचा खांदा कशानं भरंल?
म्हनलं, दादा, दवाखाना. "दुपारी बघू." म्हनलं, आत्ता. परत तेच, आत्ता. मुकादमाला पन जाऊन म्हनलं, जीप द्या. तो हसला, "अगं बया, मुकी बोलती व्हय!" पन दिली.

त्याच दिवशी, दवाखान्यात बाकावर
डॉक्टरीनबाईनं विचारलं, पाळी? दादा म्हनला, "चालू हाय." खांदा? "मोळ्यांचा."
मधीच बोलले. "न्हाई बाई. मोळ्या मी उचलते. हिनं ही पाळी आल्यापास्नं एक बी उचलली न्हाई. आन् हिची पाळी अशी नसती."
बाईनं पेन खाली ठेवला. लघवी तपासली, दोन रेघा. मग सोनोग्राफी. पिशवी रिकामी. गर्भ नळीतच बसलेला, नळी फुटली, पोटात रक्त. ते वर चढलं की खांद्यात दुखतं.
"पाळी तर आली व्हती ना बाई," दादा म्हनत राह्यला. ती पाळी नव्हतीच.
वैनीला आप्रेशनला आत नेलंय. बाई भरभर चालत व्हत्या. वाचनार. मला वाटतंय, वाचनार.

९ डिसें.
वैनी बोलती! उजवी नळी काढली, रक्त चढवलं. पहिलं काय बोलावं? "भाकरी कोन थापतंय?" नर्स हसल्या. मग हळूच, "मने, आता मला मूल व्हईल का गं?"
बाईंना मीच विचारलं. म्हनल्या, दुसरी नळी चांगली हाय, व्हतं. पन परत नळीत बसू शकतं. पाळी चुकली की लगेच या. दुखायची वाट बघू नका.

१५ डिसें.
वैनी गावाला, आमच्या आईपाशी. मुकादम, "कधी येनार?" म्हनलं, या हंगामात न्हाई. मी हाय.
ठकूमावशी आता कोप्यांच्या अड्ड्यावरच्या बायांना धरून धरून इचारती, "पाळी कशी आली गं तुझी?" बाया पान्याला जायचा रस्ता बदलायल्यात.

२ जुलै, गाव
बाजरी पेरून झाली. वैनीची पाळी चुकली. मेडिकलातून लघवी तपासायची पट्टी मीच आनली, मोठ्यानं मागून. दोन रेघा. वैनी हसंना, रडंना. "कुठं बसलंय ते कसं कळंल?" म्हनलं, मशीनीला कळतं. उद्याच जाऊ.
आई म्हनली, "एवढ्या लवकर कुनी जातं का? दिष्ट लागती." म्हनलं, लागू दी.

३ जुलै, नगर
एस्टीनं आलो. दादा बाहेर टपरीवर, चहाचा कप हातात धरून तसाच उभा. वैनीला लघवी लई लागलीय, मशीनवाली म्हनती दाबून धरा, तवाच नीट दिसतं. दोघींना त्याचंच हसू. हसता हसता वैनीनं माझं मनगट असं आवळलंय की बोटं बधिर.
नाव पुकारलं. मी पन आत जाते.