वाकडी करंगळी

मृणाली,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं.

तुझं चित्र छापलेलं २००७चं कॅलेंडर आईने अंजूरच्या घरात दर्शनी भिंतीवर लावलंय. येईल त्याला सांगते, "मुंबईच्या धाकटीने काढलंय." थोरली गावच्या शाळेत दुसरीच्या पोरांना चित्रकला शिकवते, हे ती कुणाला सांगत नाही.

काल ते कॅलेंडर मी वर्गात नेलं. चित्र कसं बघायचं ते मुलांना शिकवायचं, हे निमित्त. खरं तर त्यांनी तुझ्या चुका काढाव्यात, एवढंच मला हवं होतं.

"ही मासे साफ करणारी बाई बघा. काय काय चुकलंय हिच्यात?" मी विचारलं.

पोरं बाकांवरून पुढे झुकली. मग दिशा उठली, चित्राला नाक लावून म्हणाली, "बाई, ही तं तुमची करंगली हाय!"

झालं! सगळा वर्ग माझ्याभोवती. जो तो माझा हात ओढून चित्राशेजारी धरून बघतोय. लहानपणी दारात ही करंगळी तूच चेचलीस. आता तीच काढून नाव कमावलंस, मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

याच हाताने मी त्यांना रोज फळ्यावर आंबे, होड्या काढून दाखवते. आजवर एकाही पोराने तो असा हातात घेतला नव्हता. काल घेतला, तोही तुझ्यामुळे.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुला बरं वाटेल, आणि तेवढं मला सोसायचं नाही.

तुझ्या चित्रातली,
उन्नती