दोनशे चाळीस जास्तीच्या फ्रेम

३ तारीख, सोमवार

नवीन कामाचा पहिला दिवस आणि नवीन वहीचं पहिलं पान, दोन्ही कोरी करकरीत. खाली शिंप्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल. मागच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर, मॉनिटरच्या डोक्यावर छोटा कॅमेरा, भिंतीवर गोल घड्याळ आणि एकच खिडकी, पण भरपूर उजेडाची. इथे एक जण गेम खेळतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं, मी ते साफसूफ करून द्यायचं आणि जगभरच्या लोकांनी ते बघायचं. मला हे काम मिळालंय यावर ताईचा अजून विश्वास बसत नाही. सकाळी दारातच म्हणाली, नखं खाऊ नकोस, विचारलं तेवढंच बोल.

खेळणाऱ्याला सगळे बोका म्हणतात, कारण तो कुठेही आणि कसाही झोपू शकतो. मी दहावी नापास आहे हे त्याने पाच मिनिटांत काढून घेतलं. मी सांगितलं, विज्ञान आणि इंग्रजीत उडालो, मराठीत नाही. ऱ्हस्व-दीर्घ माझं कधी चुकलेलं नाही. तेव्हापासून मी 'मास्तर'.

४ तारीख, मंगळवार

दुखणं कळलं. खेळताना गेम पाण्यासारखा वाहतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र अडखळतो. धावणारा सैनिक मध्येच थबकतो आणि एकदम चार पावलं पुढे दिसतो. मालक म्हणाले, लोक शिव्या घालतायत, आधीचा माणूस हात टेकून गेला, तुला पंधरा दिवस देतो.

माझी पद्धत अशी. एका वेळी एकच बदल. तो आधी वहीत लिहायचा, मग हात लावायचा. त्यानंतर दहा मिनिटं रेकॉर्ड करून मोजायचं. एका सेकंदात साठ फ्रेम, म्हणजे साठ स्थिर चित्रं, ती भराभर पुढे सरकतात म्हणून हालचाल दिसते. दहा मिनिटांच्या छत्तीस हजार व्हायला हव्यात. आज भरल्या ३५,१८८. बाकीच्या गळल्या.

६ तारीख, गुरुवार

मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलत होता आणि रेकॉर्डिंग साठ वेळा. पावलं जुळणार कशी? मॉनिटर १२० वर, साठच्या बरोबर दुप्पट, आणला. ३५,६०२.

गेमच्या वेगाला मर्यादा घातली, कारण सगळी ताकद तोच खात होता आणि रेकॉर्डिंगच्या वाट्याला उष्टं येत होतं. ३५,९४०.

फाइल वेगळ्या, नव्या डिस्कवर साठवली. बरोबर ३६,०००! मी दोनदा मोजलं. बोका म्हणाला, मास्तरांचा फोटो भिंतीवर लावा. मी म्हणालो, भिंतीवर मेलेल्यांचे लावतात. तो म्हणाला, मग थांबतो थोडं, घाई नाही.

८ तारीख, शनिवार

३६,२४०.

दोनशे चाळीस जास्त. घड्याळाने दहाच मिनिटं झाली, फाइल मात्र दहा मिनिटं चार सेकंदांची. गळती मला समजते, पण ही भर कुठून आली?

एकेक फ्रेम तपासली. कोपऱ्यातल्या चौकटीत बोक्याचा चेहरा दिसतो, तिथे सापडल्या. त्या चार सेकंदांत बोका मान मागे टाकून हसतोय. मी त्या वेळी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तो हसला नव्हता. माउसवर हात ठेवून गप्प होता, डोळे उघडे. मला वाटलं, नेहमीसारखा झोपला.

१० तारीख, सोमवार

आज फाइल तीन मिनिटांनी मोठी. आणि बोका तीन मिनिटं गप्प, मी घड्याळ लावूनच बसलो होतो. हाका मारल्या, चिमटा काढला. पापणी हलली नाही. चौकटीतला बोका तेव्हा बडबडत होता, जिंकत होता.

भानावर आल्यावर म्हणाला, झोपलो नव्हतो रे, कोणीतरी पुसून काढल्यासारखं वाटलं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बघणारे तिप्पट झालेत, बोका जन्मात एवढं छान बोलला नव्हता, चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस. मी म्हणालो, घालणार.

११ तारीख, मंगळवार

कालच्या नोंदीखाली एक ओळ होती. अक्षर माझंच.

'सगळं सुरळित चालू आहे. काहिही बदलु नकोस.'

ताई म्हणते, रात्री जेवताना तीन हाका मारल्या, तू ताटाकडे बघत नुसता बसून होतास. मला आठवत नाही. म्हणजे आता माझेही सेकंद जातायत.

आधी घाम फुटला. मग संताप आला. दोन वाक्यांत तीन चुका! मी मेलो तरी असं लिहिणार नाही. लाल पेनाने तिन्ही शब्दांना गोल केले. सुरळीत. काहीही. बदलू. शेजारी शेरा मारला: दहापैकी शून्य.

जो कोणी आहेस, आधी शुद्धलेखन शिक.

१२ तारीख, बुधवार

बोका सकाळी अकराला बसला. बारा वाजले. हललेला नाही. श्वास चालू आहे. चौकटीतला बोका तासभर बोलतोय.

मालकांना हाताला धरून आत आणलं. त्यांनी खुर्चीतला बोका पाहिला, चौकटीतला पाहिला, आणि जिना उतरून गेले ते गेलेच.

'थांबवा' बटण चालत नाही. वायर उपटणार होतो, पण हात मागे घेतला. फाइल नीट बंद होण्याआधी वीज गेली, तर अख्खी फाइल खराब होते, पुन्हा उघडत नाही. बोका तिच्यात आहे.

मग एकच उरतं. मी सुधारलेलं मीच बिघडवायचं. फ्रेम गळू देत. अडखळू दे.

मॉनिटर परत १४४. — बोक्याची पापणी हलली.

गेमची मर्यादा काढून टाकली. — चौकटीतला अर्ध्या शब्दावर अडकला. खुर्चीतला बोका खोकला.

जुनी सगळी रेकॉर्डिंगं त्याच नव्या डिस्कवर एकदम कॉपी करायला लावली. — बोका रडतोय! काखेत हात घालून उठवला, जिन्यापर्यंत नेला. म्हणाला, मास्तर, तूही चल. मी म्हणालो, तुझं काही आत उरलं असेल तर? फाइल बंद करून येतो. तू शिंप्याकडे बस.

१२.२०. खुर्ची रिकामी आहे. मी तिच्या मागे उभा आहे.
चौकटीत मात्र मी बसलेला —

१२.२१. तो हसतोय, माझ्याच दातांनी. मी नाही हसणार.

१२.२९. आठ मिनिटं गेली. घेतलीस ना? घे. पेन चालतंय तोवर मी इथे आहे.

१२.३०. 'थांबवा' बटण एकदाचं चाललं. फाइल बंद होत आहे, नव्वद टक्के.

१२.५२. एक्क्याण्णव. खालून बोका मला शिव्या देतोय, खाली ये म्हणून. ठेवणीतल्या, एकही न विसरता. म्हणजे पुरता परत आला. आत त्याचं काही नाही.
आता आत फक्त मी —

१.३१. सत्त्याण्णव. शंभर झाले की तो पुरा. मग जिना तो उतरणार. ताईने वाढलेल्या ताटावर तो —

नाही. बिघडली तर माझीच फाइल बिघडेल. अर्धवट राहीन. पण तुला पुरा होऊ देणार नाही.

१.५८. नव्व्याण्णव. डावा हात वायरवर. ओढतोय. बोटं अजून माझी आहेत, ओढ