देवमनची लाल पेन्सिल

२ जून २०२४, अमरावती
अकोल्याच्या दैनिकातून निवृत्त होऊन आज साईनगरात खोली घेतली. घरमालकीण शकुनबाईंनी सामान उतरायच्या आत चहा पाजला आणि 'एकटेच काहून आले' हेही विचारून घेतलं. टेबल खिडकीशी लावलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या सुधारल्या. आता स्वतःची वेबसाइट, स्वतःचं नाव.

९ सप्टेंबर
वाचक अकरा. त्यातले दोन मीच, एकदा संगणकावरून, एकदा मोबाइलवरून.
अकोल्याला जाऊन आलो. आमचा प्रूफरीडर देवमन जाऊन महिना झाला. पान निर्दोष झालं की तो खाली लाल पेन्सिलीने 'पाहिले' लिहायचा. त्याशिवाय पान छपाईला जात नसे. त्याच्या पत्नी माणिकवहिनींनी त्याने लिहिलेल्या टिपणांच्या सात वह्या माझ्या हाती दिल्या. म्हणाल्या, भाऊजी, मले काम्पुटरमधलं समजत नाही, पण एवढं त्यायच्या नावानं टाकजा. मी हो म्हणालो.

३० सप्टेंबर
पहिली वही टाकली. नाव माझंच राहिलं. नंतर बदलू.

२ जून २०२५
वर्षाचा आढावा. वाचक अडतीस हजार. वरूडच्या संत्राबागांवरचं टिपण सगळ्यांत पुढे, तेही देवमनचं. माझे स्वतःचे लेख अजून अकराच जण वाचतात. वहिनी फोनवर म्हणाल्या, त्यायचं नाव कुठीच दिसून नाही राहिलं. आता त्यांचा फोन उचलत नाही.
अकोल्याचा एक वाचक रोज येतो. अभिप्राय एकच शब्द: पाहिले. वहिनींनीच कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल.

५ जून
तोच अभिप्राय. गाव मूर्तिजापूर.

६ जून
बडनेरा. अकोल्याहून येताना अमरावतीच्या अलीकडचं स्टेशन.

७ जून
दुपारी मी बाहेर असताना कुणी मला विचारत आलं होतं. बोटं लालभडक. शकुनबाई सांगत होत्या, आत बसा म्हटलं तं म्हणे, पान झालं की येतो.

८ जून
नाव बदलायला बसलो. 'दे' लिहिलं. तेवढ्यात आकडा पाहिला — एक्केचाळीस हजार. खोडलं. उद्या.

९ जून
भर दुपार. साइटवर या घडीला वाचक एकच — साईनगर.
ही रोजनिशी चाळली. 'नंतर बदलू' वर लाल रेघ. 'उद्या' वर लाल रेघ. प्रत्येक पानाखाली 'पाहिले'. हेच पान उरलंय. भरू द्यायचं नाही — पण हात थांबत नाही — खिडकीशी पेन्सिल तासल्याचा आवाज — शेवटची ओळ — वहिनी, सगळं त्याचंच, नाव टाकतो, आत्ता टाक