धुतलेला डबा

प्रिय शिवू,

हे पत्र धपाट्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवलंय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू फार चांगलं बोलतेस.

घरचं म्हणशील तर आईचे गुडघे तसेच आहेत, आणि लोह्यात ऊन असं की दुपारी स्टँडवर कुत्रंही दिसत नाही. लातूरच्या गाडीवरचा आपला मारोती कंडक्टर मात्र तुझा डबा अजून स्वतःच्या पायाशीच ठेवतो, कुणाला हात लावू देत नाही. मागच्या खेपेला डबा परत देताना म्हणाला, "सर, पोरगी लई शाणी झाली. डबा घासूनपुसून देऊन राहिली." आईला कोण आनंद! पूर्वी तुझ्या डब्याला वाळलेलं वरण चिकटलेलं असायचं आणि आई तो घासता घासता तुझ्या नावानं बोटं मोडायची. मी तर लगेच मास्तर झालो. जबाबदारीची जाणीव, दहापैकी नऊ, असं म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो.

हसण्यावरून आठवलं. नांदेडला आमच्या कॉलेजात सध्या सॉफ्ट स्किलची परीक्षा चालू आहे. तू चिडवायचीस ना, पप्पा पोरांच्या हसण्याला मार्क देतात, तीच. कंधारचा यासेर म्हणून एक मुलगा आहे. ताठ बसला, नजरेला नजर दिली. अडचण आली तर काय करतोस, विचारलं तर म्हणाला, "सगळं छान चाललंय सर, मी मॅनेज करतोय." आवाज जरा हलला नाही. मी पूर्ण मार्क दिले. थोड्या वेळानं पाण्याच्या टाकीमागे तोच ढसाढसा रडताना दिसला. त्याच्या अम्मीला आदल्या दिवशीच दवाखान्यात भरती केलं होतं. मी पाठीवर हात ठेवला तर दचकून उठला, तोंड पुसलं आणि पुन्हा तसाच हसला. म्हणाला, "सर, मार्क कापू नका. आत तर न्हाई ना रडलो मी."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. कशी आहेस विचारलं, आणि तू म्हणालीस, "सगळं छान चाललंय पप्पा, मी मॅनेज करतेय." तोच आवाज, वाक्याच्या शेवटी तेच हसू. असं बोलायला तुला मीच शिकवलं होतं, दहावीत, आरशासमोर उभं करून. आईला काही बोललो नाही. गच्चीवर गेलो आणि तुझ्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना फोन लावला.

शिवू, मला सगळं कळलंय. तू कितीतरी दिवसांत क्लासला गेलेली नाहीस. डबा खोलीतल्या मुली खातात आणि तू तो घासून मारोतीच्या हाती देतेस, म्हणजे इकडे कुणाला शंका यायला नको. परवापासून तुझ्या खोलीतली उजमा तुला एकटं सोडत नाही, एवढं सांगून मॅडम थांबल्या. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही. फार भीती वाटतेय ग. पोरांना बोलायला शिकवण्यात जन्म गेला, आणि आज तुझ्याशी काय बोलावं तेच सुचत नाही.

आज डबा परत न्यायला मारोती येणार नाही. त्याच्याच गाडीतून मीही आलोय आणि खाली फाटकाशी उभा आहे. डबा उजमाच्या हाती वर पाठवला, कारण मी एकदम समोर आलो असतो तर तूही तोंड पुसून हसली असतीस. नीट परीक्षेचं, वर्षाचं, काय व्हायचं ते होऊ दे. तुला वाटेल तेव्हा खाली ये. हसू नकोस. काही बोलली नाहीस तरी चालेल, खाल्लं नाहीस तरी चालेल. फक्त आज डबा धुऊ नकोस. जसा असेल तसा माझ्या हातात दे.

तुझाच,
पप्पा