जस्ताचं कवच

३ मार्च
पाण्यावरच्या बॅटरीत चार्ज-डिस्चार्ज करताना जस्ताच्या पत्र्यावर काटे उगवतात, मधला कागद फोडून पलीकडच्या पत्र्याला टेकतात. खेळ खलास. माझा लेप म्हणजे अभेद्य कवच. कंत्राटावरच्या कनिष्ठ बाईंनीही एक लेप केलाय. ज्याचा टिकेल त्याला पुढच्या कामाची मंजुरी. बाईंची मुदतवाढही त्यावरच. मन निकोप ठेवायचं, असा संकल्प.

११ मार्च
चाचणीच्या सेलमध्ये दोन्ही पत्रे जस्ताचेच, म्हणून आलेखावरची व्होल्टेजची रेषा जितकी खाली आणि सपाट, तितका लेप चांगला. माझ्या सेलचं व्होल्टेज भेलकांडतंय. लेप नवा आहे, बुजतोय. बाईंचं एकसारखं चालू. कल्पकता कमी.

१४ मार्च, सकाळी
रात्रीत माझी रेषा खाली आली आणि सपाट झाली. जवळजवळ शून्य. ना राग ना लोभ. सेल स्थितप्रज्ञ झाला.
बाईंनी विचारलं, सर, शॉर्ट तर नाही ना झाला, उघडून बघू या का? म्हटलं, समाधी लागलेल्याला हलवू नये. मनातल्या मनात त्यांचं नाव शंकासुर ठेवलं.
बायको म्हणाली, तुम्ही घरात असे गप्प असता तेव्हा काहीतरी फोडून ठेवलेलं असतं. विज्ञानात घरच्यांचं मत घेऊ नये.

२० मार्च
टेस्टरवर जागा अपुरी. माझे आणखी सेल लावायला शंकासुरांचे उतरवले. बरे चालले होते, पण बरं आणि उत्तम यांत निवड करावी लागते. त्यांनी ते डब्यात भरून ठेवले. पटलं असावं.

२८ मार्च
संचालक रेषेवर खूश. मंजुरी मला. बाईंच्या मुदतवाढीबद्दल त्यांनी विचारलं. मी तटस्थ राहिलो. तूर्त गरज दिसत नाही, एवढंच म्हणालो.

४ एप्रिल
कवच दाखवायला संचालकांसमोर सेल उघडला. कागदातून आरपार जस्ताचं काळं शेवाळ. रेषा सपाट झाली त्याच रात्री दोन्ही पत्रे एकमेकांना भेटले होते. तेव्हापासून मी मढ्याच्या शांतपणाचं कौतुक करत होतो.
संचालक म्हणाले, मग बाईंचे सेल आणा. बाई म्हणाल्या, सरांनी उतरवलेत, सुकून गेले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
माफी मागायची. आज लोक होते. उद्या.

५ एप्रिल
माफीचा मसुदा फार संस्कृतप्रचुर झाला. चूक कोणाची ते शोधावं लागतं. पुन्हा लिहितो.

१० एप्रिल
बाईंचं टेबल रिकामं. माझ्या शब्दावर परत गेलेला मुदतवाढीचा कागद आता फिरत नाही म्हणे. संचालकांचा हुकूम: काम बाईंच्याच लेपावर करा.
बाईंना फोन केला. माफी पाठ होती. तोंडातून निघालं, लेप किती वेळ सुकू द्यायचा? त्यांनी सगळं सांगितलं, मला लिहून घेता येईल अशा बेताने. मग विचारलं, आणखी काही होतं का, सर?
म्हटलं, नाही.